४२ अंश म्हणजे नक्की किती? सेल कल्चरमधल्या पेशींना उष्णतेचा ताण देण्याची रीत

मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी लॅबचा एसी बंद करून सगळे घरी गेले, की रविवारी दुपारपर्यंत बंद खोली ३४-३५ अंशांवर जाते. पेशी ज्यात वाढवतात त्या बहुतेक सीओटू इन्क्युबेटरांना फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली आतल्या तापमानापेक्षा साधारण ५ अंशांनी थंड असेल, तरच ते ३७ नीट धरून ठेवतात. पंखा आणि दाराचा हीटर यांची स्वतःची उष्णता आत साठतेच. सोमवारी सकाळी दार उघडतो तेव्हा पेशींनी कित्येक तास ३८-३९ सोसलेले असू शकतात आणि त्याच फ्लास्कवर आपण ‘कंट्रोल’, म्हणजे तुलनेसाठी उष्णता न दिलेला, असं लिहितो.

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या डिझर्टेशनला ‘हीट स्ट्रेस’ हा विषय घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. महागडं औषध लागत नाही, वॉटर बाथ (पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारी टाकी) असला की झालं, म्हणून विषय सोपा वाटतो. प्रत्यक्षात उष्णता हेही औषधच आहे आणि त्याचा डोस औषधाइतक्याच काटेकोरपणे मोजावा लागतो. बाथच्या पाटीवर ४२ दिसतं म्हणून पेशींना ४२ मिळालं असं होत नाही. पुढची जवळपास सगळी खटपट हा फरक मिटवण्यासाठी आहे.

पेशीच्या आत काय होतं

बरीचशी प्रथिनं ठरावीक घडीतच काम करतात. तापमान चार-पाच अंशांनी वाढलं की त्यातल्या नाजूक प्रथिनांची घडी सैल होते, आत दडलेले पाणी टाळणारे भाग बाहेर येतात आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होऊ लागतात. हे सावरण्याचं काम शॅपरोन प्रथिनांचं: एचएसपी७०, एचएसपी९०, एचएसपी२७ वगैरे (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन). एरवी हीच शॅपरोन एचएसएफ१ नावाच्या प्रथिनाला धरून गप्प बसवतात. उष्णतेत ती बिघडलेल्या प्रथिनांकडे धावतात. गणपती विसर्जनाच्या दिवशी चौकीतले सगळे पोलीस बंदोबस्ताला गेले आणि कोठडीतला माणूस मोकळा सुटला, तसं एचएसएफ१ सुटतं. सुटलेल्या तीन रेणूंचं त्रिकूट बनतं, ते केंद्रकात जाऊन डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसतं आणि शॅपरोन बनवणारी हीट शॉक जनुकं काही मिनिटांत धडाधड चालू होतात. शॅपरोन पुरेशी तयार झाली की ती एचएसएफ१ला पुन्हा धरतात आणि प्रतिसाद ओसरतो.

त्याच वेळी पेशी बाकीची कामं थांबवते. नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती घटते, अडकलेले आरएनए स्ट्रेस ग्रॅन्युल्समध्ये गोळा होतात. व्हायमेंटिन या सांगाड्याच्या प्रथिनाचं जाळं आक्रसून केंद्रकाभोवती येतं, केंद्रकातल्या न्यूक्लिओलसचं रूप बदलतं. जोरदार उष्णतेत आरएनएचं स्प्लायसिंगही, म्हणजे त्यातले इन्ट्रॉन नावाचे नको असलेले तुकडे कापून काढणंही, बंद पडतं. मग एचएसपी७० तयार कसं होतं? त्याच्या मुख्य जनुकात, म्हणजे एचएसपीए१एमध्ये, इन्ट्रॉन नाहीतच, त्यामुळे स्प्लायसिंगची गरज पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पीसीआरच्या (जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याच्या) वेळी ती आडवी येते.

या साऱ्याची सुरुवात १९६२ साली इटलीत झाली. फेरुच्चिओ रितोसा यांना उष्णता दिलेल्या फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. इन्क्युबेटरचं तापमान कुणीतरी चुकून वाढवून ठेवलं होतं, अशी त्यामागची हकीकत सांगितली जाते. त्या फुगवट्यांबरोबर कोणती प्रथिनं बनतात हे १९७४ साली आल्फ्रेड तिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

पेशी कोणत्या आणि कुठून

पहिल्या प्रयोगाला हेला, म्हणजे माणसाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी, घ्या. १९५१पासून जगभर वाढवलेल्या या पेशी दणकट आहेत आणि त्यांच्यावरचं हीट शॉकचं जुनं काम भरपूर आहे, म्हणजे आपले आकडे ताडून पाहता येतात. एचईके२९३ (माणसाच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी) सहज मिळतात, पण या कामाला मी त्या घेऊ देणार नाही. त्यांच्यात अ‍ॅडेनोव्हायरसचं ई१ए जनुक आहे आणि ते एचएसपी७०ला मुळातच चालना देतं. कंट्रोलची पट्टी आधीच गडद असली तर वाढ दाखवणार कशी? कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत एचएसपी थोडंफार चढलेलं असतं, त्यामुळे तुलनेला एखादी सामान्य फायब्रोब्लास्टची (जोडऊतीतल्या पेशींची) लाइन असेल तर चांगलं.

‘उष्ण’ म्हणजे काय हे प्राण्यावर ठरतं. गाई-म्हशींचं नेहमीचं तापमान ३८.५च्या आसपास असतं, कोंबडीच्या डीएफ-१ पेशी ३९वर वाढवतात आणि फळमाशीच्या एस-२ पेशी २५वर वाढतात. त्यांना ३७ हाच हीट शॉक. माशांच्या पेशींनाही माणसाचं तापमान झेपेलच असं नाही. दुसऱ्या प्राण्याची लाइन घेतलीत तर खालचे आकडे जसेच्या तसे वापरू नका.

आपल्याकडे पेशी बहुधा पुण्याच्या एनसीसीएसमधून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) येतात. वाढत्या पेशींचा फ्लास्क गाडीतून आणणार असाल तर तो मीडियमने (पेशींच्या पोषक द्रवाने) काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट आणि थर्मोकोलच्या डब्यात असावा. एप्रिल-मेमध्ये फूड मॉलला गाडी उन्हात लावून चहाला उतरलात, तर बंद गाडीत प्रयोग तिथेच सुरू होतो. आणल्यावर निदान दोन पॅसेज (नव्या फ्लास्कमध्ये पुन्हा पेरणं) होऊ द्या, मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) तपासणी करा आणि थोड्या पेशी गोठवून ठेवा. मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशींवर ताणाचा कोणताही प्रयोग करण्यात अर्थ नाही.

उष्णता द्यायची कशाने

दुसरा इन्क्युबेटर ४२वर लावून त्यात फ्लास्क ठेवणं सोपं वाटतं, पण हवा उष्णता फार हळू देते. मीडियम ४२वर पोहोचायला बराच वेळ जातो आणि एक तासाचा प्रयोग असेल तर त्यातला मोठा भाग नुसता चढणीतच संपतो. दिवसभर ३९-४०वर ठेवायचं असेल तर इन्क्युबेटर ठीक आहे. तास-दोन तासांच्या कामाला पाणी ढवळणारा वॉटर बाथच हवा. ढवळणी नसेल तर बाथच्या दोन कोपऱ्यांत अर्ध्या अंशाचा फरक सहज सापडतो.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटचा मोह टाळा. प्लेटच्या तळाखाली हवेची पोकळी असते, पाण्याचा स्पर्श नीट होत नाही आणि कडेच्या वेल मधल्या वेलपेक्षा वेगळ्या तापतात. टी-२५ (२५ चौरस सेंमी तळाचा) फ्लास्क घ्या, तोही साध्या, घट्ट बसणाऱ्या झाकणाचा. हवेशीर फिल्टरच्या झाकणातून बाथचं पाणी आणि त्यातले जंतू दोन्ही आत जाऊ शकतात. झाकणावर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणाची पट्टी) गुंडाळा. फ्लास्क तरंगून तिरका झाला तर एका कोपऱ्यातल्या पेशी कोरड्या पडतात, म्हणून वर शिशाची कडी किंवा वजन ठेवा. फ्लास्कच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे वाकून पाहा.

बाथमध्ये डिस्टिल्ड पाणी घाला आणि दर आठवड्याला बदला. जून ते सप्टेंबर तर आठवड्याचीही वाट पाहू नका. आपल्या पावसाळी हवेत बुरशीला निमित्त पुरतं.

आता लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. एका रिकाम्या टी-२५च्या झाकणाला बारीक भोक पाडून त्यातून डिजिटल थर्मामीटरची तार आत सोडा. आत ५ मिली मीडियम, प्रोबचं टोक मीडियममध्ये बुडालेलं. हा नकली फ्लास्क ३७वरून काढून बाथमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. मीडियम ठरलेल्या तापमानावर किती मिनिटांनी पोहोचतं, बाथच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कितीने कमी राहतं आणि बाथचं झाकण उघडलं की किती घसरतं, हे सगळं या आलेखात दिसेल. बाथ ४२.३वर लावल्यावर मीडियम ४२.० होत असेल, तर बाथ ४२.३वर लावा. पाटीकडे लक्ष देऊ नका. थर्मामीटर एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाने मान्य केलेल्या) ठिकाणी कॅलिब्रेट करून घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांना हे सतत लागतं, त्यामुळे ती सोय आपल्याला लांब शोधावी लागत नाही.

एवढा काथ्याकूट का? १९८४ साली सापारेटो आणि ड्यूई यांनी उष्णतेचा डोस ४३ अंशांवरच्या मिनिटांत मोजायची रीत मांडली. ४३च्या वर दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो: ४३वर ६० मिनिटं, ४४वर ३०, ४५वर १५, परिणाम साधारण सारखा. ४३च्या खाली मात्र दर अंशाला वेळ चौपट होतो, म्हणजे ४२वर तोच परिणाम मिळवायला २४० मिनिटं. याच हिशोबाने ४२ऐवजी ४२.५ झालं तर डोस दुप्पट होतो. बाथमधली अर्ध्या अंशाची चूक किरकोळ नाही ती यामुळे. ४३च्या आसपास हा उतार बदलतो, कारण त्याखाली पेशींना उष्णता चालू असतानाच सहनशीलता कमावायला सवड मिळते.

किती अंश, किती वेळ

हे प्रश्नावर ठरवा, दुसऱ्याच्या डिझर्टेशनमधून उचलू नका. उष्माघाताशी नातं जोडायचं असेल तर ३९ ते ४१ आणि कित्येक तास. शरीराच्या आतलं तापमान ४०च्या वर गेलं की उष्माघात समजतात, आणि एप्रिल २०२३मध्ये खारघरच्या मोकळ्या मैदानावर त्याने माणसं दगावली. मात्र फ्लास्कमधल्या पेशींना घाम नाही, रक्ताभिसरण नाही, आतड्यातून रक्तात उतरणारे जंतूंचे अंश नाहीत. त्यामुळे ‘उष्माघातात पेशींचं काय होतं’ असं शीर्षक देऊ नका, ते फार मोठं होईल.

कर्करोगावरच्या उष्णता-उपचाराशी जोडायचं असेल तर ४१ ते ४५ आणि मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत. इथे एक जमेची गोष्ट आहे. किरणोत्सर्गाला दाद न देणाऱ्या एस अवस्थेतल्या (डीएनएची प्रत काढत असलेल्या) पेशी उष्णतेला मात्र हळव्या असतात, शिवाय उष्णता डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा लुळी करते. म्हणून दोन्ही उपचार जोडीने द्यायची कल्पना निघाली.

नुसता हीट शॉक प्रतिसाद बघायचा असेल तर ४२ अंश, १ तास. बहुतेक हेला यातून जगतात आणि एचएसपी७० ठसठशीत वाढतं. ४५वर सुरुवात करू नका. त्या तापमानाला प्रथिननिर्मितीच ठप्प होते, त्यामुळे उष्णता संपताक्षणी मोजलं तर एचएसपी वाढलेलं दिसत नाही आणि विद्यार्थी प्रथिन ओळखायला वापरलेल्या अँटीबॉडीला दोष देत बसतो.

प्रत्यक्ष प्रयोग

टी-२५मध्ये ७ ते १० लाख पेशी, १० टक्के एफबीएस (वासराच्या भ्रूणाचं सीरम) असलेलं ५ मिली डीएमईएम मीडियम. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन हाही ताणच आहे, म्हणून पेरल्यावर निदान २४ तास हात लावायचा नाही. ६० ते ७० टक्के तळ भरला की प्रयोगाला घ्या. पूर्ण भरलेल्या, मीडियम पिवळं पडलेल्या फ्लास्कमधल्या पेशी जास्त मरतात, कारण आम्लता वाढली की उष्णतेचा मार वाढतो.

बाथमध्ये सीओटू नसतो. बायकार्बोनेटवर चालणारं मीडियम उघड्यावर काही मिनिटांत गुलाबी-जांभळट होऊ लागतं, म्हणजे पीएच चढतो. म्हणून आदल्या दिवशीच मीडियम बदलताना पीएच स्थिर ठेवणारं हेपीस बफर २५ मिलिमोलर घाला, सगळ्या फ्लास्कमध्ये, कंट्रोलसुद्धा. प्रयोगाच्या सकाळी मीडियम बदलू नका. ताज्या सीरमनेही पेशी चाळवतात.

मग झाकणं घट्ट करून पॅराफिल्म लावा. उष्णतेचे फ्लास्क ४२च्या बाथमध्ये आणि कंट्रोलचे फ्लास्क ३७च्या दुसऱ्या बाथमध्ये, तितकाच वेळ. कंट्रोल इन्क्युबेटरमध्येच राहू दिला तर हलवाहलव, सीओटू नसणं आणि घट्ट झाकण या तिन्हींचा परिणाम तुम्ही उष्णतेच्या नावावर मांडाल. दुसरा बाथ नसेल तर शेजारच्या विभागातून मागून आणा, पण ही पायरी गाळू नका. नकली फ्लास्क शेजारीच ठेवा आणि मीडियम ४२वर पोहोचलं की घड्याळ लावा.

वेळ संपली की बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसून हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) घ्या, पॅराफिल्म काढा, झाकण सैल करा आणि ३७च्या इन्क्युबेटरमध्ये परत ठेवा. यानंतरच्या तासांना रिकव्हरी म्हणतात, आणि निम्मा प्रयोग त्यातच असतो.

भारनियमन किंवा देखभालीसाठी महावितरणने पुरवठा बंद ठेवायची वेळ कळवली असेल, तर तो दिवस सोडा. यूपीएसवर इन्क्युबेटर चालतो, वॉटर बाथ बहुधा नाही.

काय मोजायचं आणि केव्हा

रिकव्हरीचे ०, १, २, ४, ८ आणि २४ तास, प्रत्येक वेळेसाठी वेगळा फ्लास्क. एचएसपी७०चा आरएनए आधी चढतो आणि पहिल्या एक-दोन तासांत शिखरावर असतो, प्रथिन त्यामागून येऊन काही तासांनी भरात येतं आणि दिवसभर टिकतं. एकाच वेळी दोन्ही मोजून ‘जुळत नाही’ म्हणू नका, जुळणारच नाहीत.

क्यूपीसीआरसाठी (आरएनए किती आहे ते मोजणाऱ्या पीसीआरसाठी) आरएनए काढताना डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) पायरी सक्तीची समजा. एरवी आपण दोन एक्झॉनच्या (इन्ट्रॉन काढल्यावर उरणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठेवून जीनोमिक डीएनए टाळतो. इथे इन्ट्रॉनच नसल्यामुळे ती युक्ती चालत नाही, आणि थोडासा उरलेला डीएनएही एचएसपी७० म्हणून मोजला जातो. प्रत्येक नमुन्याबरोबर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी चालवा. ज्याच्याशी तुलना करायची ते संदर्भ जनुक एकट्या जीएपीडीएचवर सोडू नका, दोन-तीन तपासून उष्णतेने न हलणारं निवडा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटीबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) दोन जागा निसरड्या आहेत. एक, पेशीत कायम असणारं एचएससी७० आकाराने जवळपास तेवढंच असतं. अँटीबॉडी दोघांनाही धरत असेल तर कंट्रोलमध्येही जाड पट्टी येते, म्हणून फक्त उष्णतेने वाढणारं प्रथिन ओळखणारी अँटीबॉडीच मागवा. दोन, उष्णतेने गोळे झालेली प्रथिनं सौम्य बफरमध्ये विरघळत नाहीत, सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी जातात आणि आपण नेमका तोच गाळ फेकतो. थेट गरम एसडीएस (जोरदार डिटर्जंट) बफरमध्ये पेशी विरघळवा, किंवा द्रव आणि गाळ दोन्ही चालवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण गोळे किती झाले आणि रिकव्हरीत किती उलगडले हेही त्यात दिसतं. एचएसएफ१ची पट्टी उष्णतेत थोडी वर सरकलेली दिसली तर घाबरू नका. त्यावर फॉस्फेट चढल्याची ती खूण आहे, प्रतिसाद चालू झाल्याचा पुरावाही.

जगणं-मरणं मोजताना सगळ्यात जास्त फसगत होते. उष्णता संपताच ट्रायपॅन ब्ल्यू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) केलं तर मरणार असलेल्या पेशीही स्वच्छ दिसतात, कारण त्यांची बाहेरची त्वचा अजून शाबूत असते. मरण २४ ते ४८ तासांत येतं. एमटीटी या रंगाच्या चाचणीत चयापचय मोजला जातो, जिवंतपणा नाही. ताणाखालची पेशी काही तास मंदावते आणि पुन्हा सावरते. तरी करायचीच असेल तर ४८ तासांनी करा, आणि तरंगणाऱ्या पेशी फेकून द्यायच्या आधी मोजा. खरं उत्तर क्लोनोजेनिक पद्धतीत मिळतं: मोजून थोड्या पेशी पेरायच्या, १० ते १४ दिवस हलवायचं नाही, मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून ५० किंवा जास्त पेशींच्या वसाहती मोजायच्या. वेळखाऊ आहे, पण एक पेशी पुन्हा पिढ्या वाढवू शकते का, याचं उत्तर दुसरी कोणतीच किट देत नाही.

हाताशी महिनाभर असेल तर सहनशीलतेचा प्रयोग जरूर करा, या विषयातला तोच सगळ्यात देखणा भाग. चार गट: काहीच न दिलेला, फक्त ४३वर ३० मिनिटं, फक्त ४५वर ३० मिनिटं, आणि आधी ४३वर ३० मिनिटं, मग ३७वर १२ तास विसावा, मग ४५वर ३० मिनिटं. चौथ्या गटाला एकूण उष्णता सर्वांत जास्त मिळाली, तरी त्याच्या वसाहती तिसऱ्यापेक्षा जास्त येतात. विसाव्याचे तास बदलून पाहा. अगदी थोडा विसावा दिला तर संरक्षण अपुरं, आणि काही दिवस थांबलात तर ते ओसरलेलं. तिसऱ्या गटात एकही वसाहत उरली नाही तर तुलनाच करता येणार नाही, म्हणून ४५वरची मिनिटं आधी १०, २०, ३०, ४५ अशी आजमावून घ्या.

एकाच दिवशी, एकाच बाथमध्ये ठेवलेले तीन फ्लास्क म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्या दिवशी बाथ अर्धा अंश चुकला तर तिन्ही सारखेच चुकतील आणि एरर बार मात्र छान बारीक येईल. वेगळे दिवस, वेगळे पॅसेज, दर वेळी नकली फ्लास्कचा नवा आलेख. ते सगळे आलेख डिझर्टेशनच्या परिशिष्टात लावा, आणि पद्धतीच्या प्रकरणात ‘वॉटर बाथमध्ये ६० मिनिटं’ असं न लिहिता ‘मीडियम ४२.० अंशांवर पोहोचल्यापासून ६० मिनिटं’ असं लिहा.